कोठडीतला पुरावा कोणी द्यायचा?

मथुरा प्रकरणाच्या निकालाने लोक रस्त्यावर आले आणि कायदा बदलला. पण तो अर्धाच बदलला. उरलेला अर्धा चाळीस वर्षे विधी आयोगाच्या अहवालात पडून आहे.

देसाईगंज हे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले गाव. रेल्वेने जाणारे त्याला वडसा म्हणून ओळखतात. 1972 साली गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता. देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होते. त्या वर्षी 26 मार्चला तिथल्या पोलीस ठाण्यात एक तक्रार आली. आईवडील नसलेली, मोलमजुरी करून जगणारी मथुरा नावाची एक गोंड मुलगी एका घरी कामाला जात होती. त्या घरच्या बाईच्या भाच्याशी तिचे सूत जुळले आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले. भावाला ते मान्य नव्हते. बहिणीला पळवून नेले, अशी तक्रार त्याने दिली. हेड कॉन्स्टेबलने रात्री सगळ्यांना ठाण्यात आणवले आणि जबाब घेतले. मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणा, असे भावाला सांगून साडेदहाच्या सुमारास तो घरी गेला.

मंडळी निघाली, पण मुलीला मागे थांबवून घेण्यात आले. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना दिसले ते एवढेच, की ठाण्यातले दिवे गेले आहेत आणि दार आतून बंद आहे. त्यांनी हाका मारल्या, तशी माणसे जमू लागली. काही वेळाने मुलगी बाहेर आली आणि एका कॉन्स्टेबलने आपल्यावर बलात्कार केल्याचे तिने सगळ्यांसमोर सांगितले. दुसऱ्या, दारू प्यायलेल्या हेड कॉन्स्टेबलनेही अंगाशी झोंबाझोंबी केल्याचे ती म्हणाली. जमाव खवळला आणि चौकी पेटवून देण्याची भाषा करू लागला. घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला परत यावे लागले. त्याने लोकांना शांत केले आणि मग फिर्याद लिहून घेतली.

हा क्रम पुढच्या साऱ्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच लिहायची होती, आणि ती लिहिली गेली ती दाराशी माणसे उभी होती म्हणून.

तीन न्यायालये, तीन नजरा

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1 जून 1974 रोजी दोघांनाही निर्दोष सोडले. मुलगी खोटारडी आहे, असे न्यायाधीशांचे मत पडले. शरीरसंबंध झाला हे त्यांनी मानले. पण संबंध आणि बलात्कार यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, असे सांगून त्यांनी तिच्या आधीच्या संबंधाकडे बोट दाखवले.

12 ऑक्टोबर 1976 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. कॉन्स्टेबलला बलात्काराबद्दल पाच वर्षे आणि हेड कॉन्स्टेबलला विनयभंगाबद्दल एक वर्ष सक्तमजुरी दिली. ही माणसे मुलीला पूर्णपणे अनोळखी होती, मग तिने आपण होऊन त्यांच्याकडून काही मागितले असेल हे संभवतच नाही, असा साधा आणि जगाच्या व्यवहाराला धरून असलेला विचार खंडपीठाने केला. भीतीपोटी निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले.

15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकालही उलटवला. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांच्या पीठासाठी निकाल लिहिला कोशल यांनी. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती. म्हणजे तिने निकराचा प्रतिकार केला नाही. म्हणजे सारे राजीखुशीने झाले असणार, अशी त्या निकालाची चढती भाजणी आहे. कॉन्स्टेबलने हात धरला तेव्हा तिने तो झिडकारायला हवा होता, ओरडायला हवे होते, असे न्यायालयाला वाटले. ओरडल्याचे तिचे सांगणे बनाव ठरले. मृत्यूची किंवा इजेची भीती घातली गेली हे फिर्यादी पक्षाने सिद्ध केलेले नाही, म्हणून दोघेही सुटले.

रात्रीची वेळ, बंद दार, आत गणवेशातले दोन पुरुष आणि एक अल्पवयीन मजूर मुलगी. एवढी परिस्थिती समोर असताना भीतीचा वेगळा पुरावा कोणाकडून अपेक्षित होता? त्या खोलीत काय घडले हे सांगू शकणारी माणसे तीनच होती. त्यांतले दोन आरोपी होते, आणि तिसरीच्या शब्दाला किंमत नव्हती.

एक वर्षाची शांतता आणि एक पत्र

निकालावर लगेच काही घडले नाही. तो कायद्याच्या जर्नलमध्ये छापून आला आणि तिथेच राहिला. वर्षभराने, 16 सप्टेंबर 1979 रोजी, कायद्याच्या चार अध्यापक-अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही ती चार नावे. सरन्यायाधीशपदी तेव्हा यशवंत चंद्रचूड होते.

पत्राची भाषा आदराची होती, प्रश्न मात्र धारदार होते. संमती आणि शरणागती यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाला दिसू नये? स्त्रियांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहिता सांगते, आणि त्याच 1978 साली नंदिनी सत्पथी खटल्यात याच न्यायालयाने त्याबद्दल पोलिसांची कानउघाडणी केली होती. मग या निकालात त्यावर एक शब्दही का नाही? एखाद्या सुशिक्षित, पैसेवाल्या स्त्रीच्या बाबतीत न्यायालयाने हेच म्हटले असते का?

पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभे राहिले. पुढे त्याचे 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन' झाले. नागपुरात सीमा साखरे यांनी हा प्रश्न लावून धरला. 8 मार्च 1980 रोजी, महिला दिनी, अनेक शहरांत मोर्चे निघाले आणि फेरविचाराची मागणी झाली. दोन वर्षांपूर्वी हैदराबादेत रमीझा बी हिच्यावर पोलिसांनी केलेला अत्याचार आणि तिच्या नवऱ्याचा मारहाणीत झालेला मृत्यू लोक विसरले नव्हते. 1980 च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशात बागपतला पोलिसांनीच एका स्त्रीवर अत्याचार केल्याची घटना घडली आणि संसदेतही आवाज उठला. एखाद्या न्यायालयीन निकालाविरुद्ध देशभरातल्या सामान्य बायका रस्त्यावर उतरल्या, असे आपल्याकडे त्याआधी फारसे घडले नव्हते.

निकाल काही फिरला नाही. दोघे पोलीस सुटले ते सुटलेच. बदलला तो कायदा. विधी आयोगाने 1980 मध्ये आपला 84 वा अहवाल दिला आणि 1983 च्या डिसेंबरात दुरुस्ती आली. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. सुनावणी बंद दालनात घ्यावी, पीडितेची ओळख उघड करू नये, हे नियम आले. सर्वांत मूलगामी बदल पुरावा कायद्यात झाला. त्यात कलम 114 अ घातले गेले: कोठडीत शरीरसंबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे. संमती होती हे दाखवण्याचे ओझे आता आरोपी पोलिसावर आले. देसाईगंजच्या मुलीला त्याचा काही उपयोग नव्हता, पण तिच्यानंतरच्या प्रत्येकीसाठी न्यायालयाचा प्रश्न बदलला. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे कलम 120 क्रमांकाने कायम आहे.

शंभर रुपयांची लाच आणि एक अहवाल

मथुरा प्रकरणाची गोष्ट सहसा इथे संपवली जाते. मला ती पुढे न्यायची आहे, कारण तिचा दुसरा भाग कोणी सांगत नाही.

कोठडीत बलात्कार होतो, तशी मारहाणही होते आणि माणसे मरतातही. तिथेही दार आतूनच बंद असते. मग पुराव्याचे ओझे तिथेही फिरायला नको का? हा प्रश्न विचारला तो सर्वोच्च न्यायालयानेच. उत्तर प्रदेशातल्या फतेहपूर जिल्ह्यात 1969 साली ब्रिजलाल नावाच्या शेतकऱ्याकडून एका पोलिसाने शंभर रुपयांची लाच मागितली. त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली. त्याला ठाण्यात आणून इतके मारले, की तो मेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1985 मध्ये निकाल लागला. तो लिहिला सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी, म्हणजे ज्यांच्या नावे चौघांनी ते खुले पत्र पाठवले होते त्यांनीच. कोठडीत काय झाले हे फक्त पोलीसच सांगू शकतात, आणि बंधुभावाच्या नात्याने बांधलेले असल्याने ते सांगत नाहीत. म्हणून सरकारने पुराव्याच्या ओझ्याबाबतचा कायदा बदलण्याचा विचार करावा, असे त्यांनी नमूद केले.

विधी आयोगाने त्याच वर्षी जुलैमध्ये 113 वा अहवाल दिला. पुरावा कायद्यात 114 ब हे नवे कलम घाला, असे त्यात सुचवले होते. माणूस पोलिसांच्या ताब्यात असताना त्याला इजा झाल्याचा पुरावा असेल, तर ती इजा ताबा असलेल्या पोलिसाने केली असे न्यायालयाला गृहीत धरता येईल. तसे धरण्याआधी न्यायालयाने तो किती काळ ताब्यात होता, जखमांबद्दल त्याने काय सांगितले, डॉक्टर काय म्हणतात, दंडाधिकाऱ्यांनी काही नोंद केली आहे का, हे सारे पाहावे.

114 अ आले ते मथुरा निकालानंतर सुमारे पाच वर्षांनी. 114 ब अजून आलेले नाही. 1994 मध्ये 152 व्या अहवालाने त्याची आठवण करून दिली. 1995 मध्ये श्यामसुंदर त्रिवेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. 2017 मध्ये 273 व्या अहवालाने ते कलम पुन्हा मांडले. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण तो मंजूर केला नाही. 2023 मध्ये तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले. संधी समोर होती, तरी 114 ब बाहेरच राहिले.

'तो पळून गेला'

या एका कलमाच्या अभावाचा अर्थ महाराष्ट्रातल्या प्रकरणांत दिसतो.

घाटकोपरमध्ये 2 डिसेंबर 2002 रोजी बसमध्ये स्फोट झाला. त्या तपासात परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस याला पकडले. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितले, की औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याला कोठडीत बेदम मारल्याचे सांगितले ते त्याच गुन्ह्यात पकडलेल्या दुसऱ्या आरोपीने. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीआयडीने तपास केला आणि चौदा पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली. राज्य सरकारने ती चौघांपुरती दिली. युनूसचा मृतदेह कधी सापडला नाही. स्फोटाच्या खटल्यातले आरोपी 2005 मध्ये निर्दोष सुटले. 2020 मध्ये ते चार पोलीस सेवेत परत घेतले गेले, आणि खटला मात्र तेव्हाही रेंगाळलेलाच होता.

सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये किरकोळ लुटीच्या संशयावरून दोन तरुणांना पकडले. त्यांतला एक कोठडीत मारहाणीने मेला. पोलिसांनी त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला आणि आरोपी पळून गेल्याचे सांगितले. इथेही आतली हकीकत सांगू शकला तो सोबत पकडलेला मित्र.

दोन्ही ठिकाणी 'तो पळून गेला'. दोन्ही ठिकाणी साक्षीदार म्हणजे स्वतःच आरोपी असलेला माणूस, ज्याच्यावर विश्वास ठेवू नका, असे सांगायला बचाव पक्षाचा वकील मोकळा असतो.

परभणीतच 10 डिसेंबर 2024 रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद झाली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही साधा गुन्हा दाखल होण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. औरंगाबाद खंडपीठाने 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरले. देसाईगंजच्या ठाण्यात फिर्याद लिहून घ्यायला काही तास लागले होते. परभणीत त्यासाठी सात महिने गेले.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2001 ते 2020 या वीस वर्षांच्या आकड्यांत देशभरात 1,888 कोठडीमृत्यू आहेत. पोलिसांवर गुन्हे नोंदले गेले 893, आरोपपत्र दाखल झाले 358 पोलिसांवर आणि शिक्षा झाली 26 जणांना. सगळेच मृत्यू मारहाणीचे नसतात. आजार आणि आत्महत्याही असतात. तसे धरले तरी 26 हा आकडा पटणारा नाही.

टाळ्या कोणासाठी वाजतात

मग 1980 सारखे मोर्चे 114 ब साठी का निघत नाहीत? याचे उत्तर सरकारपेक्षा आपल्याकडे जास्त आहे.

'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे ब्रिटिशांच्या काळापासून कायद्यात आहे. ते ज्या कारणासाठी आहे, तेच कारण आपण कौतुकाने वाचत असतो. 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती' यांनी 2019 मध्ये केलेल्या पाहणीत चारपैकी तीन पोलिसांनी गुन्हेगारांशी हिंसेने वागणे योग्य असल्याचे सांगितले. हे मत त्यांनी पोलीस प्रशिक्षण केंद्रातच मिळवले, असे मानायचे कारण नाही. ते आपल्या घरांतही ऐकू येते.

6 डिसेंबर 2019 रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. चकमकीची पोलिसांची हकीकत विश्वसनीय नाही, असा निष्कर्ष काढून त्याने दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. अहवाल 2022 मध्ये उघड झाला तेव्हा फुले उधळणारे कुठेच दिसले नाहीत. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी 23 सप्टेंबर 2024 रोजी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला, तेव्हा मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला, त्याचा फलक कोणी लावला नाही.

1980 चा मोर्चा आणि 2019 ची फुले दोन्ही लोकांच्याच रागातून आली. पहिल्या रागाने न्यायालयाला सांगितले, की या मुलीचे ऐकून घ्या. दुसऱ्याने सांगितले, की न्यायालयाची गरजच नाही. पोलिसांना उत्तरदायी ठेवण्याची ताकद पहिल्यात होती. दुसऱ्याने ती ताकद त्यांच्या हाती देऊन टाकली. गंमत अशी, की दोन्ही वेळी लोकांना आपण पीडित स्त्रीच्या बाजूने उभे आहोत असेच वाटत होते. फरक कोठडीतल्या माणसाकडे पाहण्यात होता. ती गोंड मुलगी निरपराध होती, तिच्यासाठी हळहळणे सोपे होते. चोरीच्या संशयावरून धरलेला पोरगा, बंदमध्ये पकडलेला वडार तरुण किंवा स्फोटाचा आरोप असलेला मुसलमान अभियंता यांच्यासाठी 'काहीतरी केलेच असेल ना' हा प्रश्न आधी येतो. पण मार खाणारा दोषी आहे की नाही हे ठरायच्या आधीच कोठडीचे दार बंद झालेले असते.

पोलिसांची बाजू

114 ब ला होणारा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. पोलिसांवर खोटे आरोप होतात. सराईत गुन्हेगार स्वतःला जखमा करून घेतात. हाताशी माणसे कमी, न्यायवैद्यक अहवाल महिनोन्‌महिने येत नाहीत, आणि वरून 'रिकव्हरी दाखवा' हा तगादा. अशा फौजेवर गृहीतक लादले तर कोणी तपासच करणार नाही, असे म्हटले जाते.

पण सुचवलेले कलम नीट वाचावे. 114 अ मध्ये न्यायालयाने गृहीत धरलेच पाहिजे, असे बंधन आहे. 114 ब मध्ये गृहीत धरता येईल, एवढेच आहे. डॉक्टरांचा दाखला आणि ताब्याचा काळ तपासून न्यायाधीशाने ठरवायचे आहे. शिवाय प्रामाणिक अधिकाऱ्याकडे उत्तर देण्याची साधने आता 1985 पेक्षा किती तरी जास्त आहेत. परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने जपा, असा आदेश दिला. ज्याच्या ठाण्यात कॅमेरा चालू आहे आणि अटकेच्या वेळची वैद्यकीय तपासणी नोंदलेली आहे, त्याला या कलमाची भीती वाटायचे कारण नाही. भीती वाटेल ती नेमका त्याच वेळी कॅमेरा बंद पडलेल्याला.

पोलीस एकमेकांविरुद्ध बोलत नाहीत, हे चंद्रचूड यांचे निरीक्षण बहुतांशी खरे असले, तरी अपवाद आहेत. 2020 च्या जूनमध्ये तमिळनाडूत सातानकुलमला टाळेबंदीच्या काळात दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून बापलेकांना ठाण्यात नेले आणि दोघेही मारहाणीने मेले. त्या रात्रीची हकीकत दंडाधिकाऱ्यांना सांगितली ती त्याच ठाण्यातल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने. अशा एखाद्या धाडसी बाईवर सारा न्याय सोडून देणे हे तिच्यावरही अन्यायाचे आहे. कायदा असा हवा, की गप्प बसणे पोलिसालाच महाग पडेल.

आता मागायचे काय

मागण्या लांबलचक नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमात 114 ब च्या धर्तीचे कलम घालावे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, की गुन्हा आपोआप नोंदला जावा. त्यासाठी मेलेल्या मुलाच्या आईला उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत. कोठडीतल्या मृत्यूत खटल्याची परवानगी देण्याघेण्याचा सरकारचा अधिकार काढावा, कारण मारहाण हे पोलिसाचे कर्तव्य असूच शकत नाही. पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण झाले, पण ते शिफारशींपुरते आहे. त्याच्या शिफारशी बंधनकारक कराव्यात. आणि ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत की नाहीत, हे पोलिसांशिवाय दुसऱ्या कोणीतरी तपासावे.

यांतले एकही काम न्यायालय एकट्याने करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1985 पासून सांगून पाहिले. संसद हलली ती 1983 मध्ये, कारण नागपूर-मुंबईच्या बायका मोर्चे घेऊन निघाल्या होत्या. तुमचा खासदार मते मागायला येईल तेव्हा रस्ते आणि पाणी यांच्याबरोबर त्याला एवढे विचारा: 114 ब बद्दल तुमचे मत काय, आणि ते तुम्ही संसदेत कधी मांडणार?